वाईट बातमी लवकर कळावी म्हणून

सॉफ्टवेअरचं रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, अडकलं की माझा टीमला पहिला प्रश्न असतो, "आत्ता स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय?" 'कोणी केलं?' हे मी त्या वेळी विचारतच नाही. नाव शोधायला लागलं की जो तो स्वतःला वाचवू लागतो आणि बिघाड तिथेच राहतो.

हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये औषधं देताना कमी चुका होत असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. त्या टीम चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होत्या, असा उलगडा त्यांना पुढे झाला. 1999 च्या त्यांच्या शोधनिबंधाने टीममधली मानसिक सुरक्षितता, म्हणजे चूक किंवा शंका न घाबरता बोलता येणं, हा विषय चर्चेत आणला. मला हे फार मोलाचं वाटतं. तासातासाला स्टेटस मागणाऱ्या लीडला सगळं हिरवंच दिसतं, कारण लाल दाखवायची कोणाची हिंमत होत नाही.

शांतपणा म्हणजे ढिलाई नव्हे. डेडलाइन असतेच, कोड रिव्ह्यू, म्हणजे एकमेकांचा कोड तपासणंही, टळत नाही. पण काम कसं करायचं, हे करणारा ठरवतो.

मागच्या रिलीजच्या बऱ्याच आधी टीममधली सगळ्यात नवी मुलगी म्हणाली, "मॅम, पेमेंटचा भाग वेळेत होणार नाही." तिने कारणं सांगितली, मी लिहून घेतली. संध्याकाळी क्लायंटशी मीच बोलले. त्यांचा आवाज चढला. तो मी टीमपर्यंत नेला नाही. पेमेंट पुढच्या रिलीजमध्ये गेलं, आणि त्याचं नियोजन तिनेच केलं.