सड्यावर अडकलेले स्पिन

पावसाळ्यात वेंगुर्ल्याच्या घरून चुंबकाचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची नक्कल, चालवायचं तर एक पथ्य पाळावंच लागतं: चुंबकीय क्षेत्राची प्रत्येक पायरी संपली की सगळे स्पिन, म्हणजे अणूंची चिमुकली चुंबकं, फाइलमध्ये लिहून टाकायचे. वारा सुटला, माडाचं चुडत तारेवर आलं, की वीज गेलीच. इन्व्हर्टर दोन दिवे आणि एका पंख्यापुरता.

मॉडेल तसं चार ओळींचं. त्रिकोणी जाळी, प्रत्येक बिंदूवर एक स्पिन, वर नाहीतर खाली. शेजारी एकमेकांच्या उलट असले तर ऊर्जा कमी. त्रिकोणातले दोघे उलट झाले की तिसरा कसाही वळला तरी एकाशी बिनसतंच. भौतिकशास्त्रज्ञ वानिए यांनी १९५० साली हे गणित सोडवलं: शून्य तापमानालाही ही जाळी एका रचनेवर येत नाही, दर स्पिनमागे बोल्ट्झमन स्थिरांकाच्या ०.३२३ पट एन्ट्रॉपी (किती रचना शक्य आहेत याचं माप) उरते. (असल्या अडलेल्या स्पिनांचं आपल्या किनाऱ्याशी नातं जुनं आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून मजुमदार आणि घोष यांचं साखळीचं मॉडेल १९६९ साली आलं, आजही जगभर शिकवतात.)

आता क्षेत्र लावायचं. ते जरासं लावलं तरी प्रत्येक त्रिकोणात दोन वर, एक खाली अशी शिस्त येते आणि चुंबकन (सगळ्या स्पिनांची मिळून चुंबकशक्ती) संपृक्त मूल्याच्या, म्हणजे सगळे वर असतानाच्या मूल्याच्या, बरोबर एक-तृतीयांशावर जाऊन बसतं. मग क्षेत्र वाढवत राहा, चुंबकनाचा आलेख हलत नाही. खाली वळलेल्या स्पिनला सहाही शेजारी वरचे मिळालेले असतात, त्यामुळे तो सुखी. परस्परक्रियेला ‘जे’ म्हटलं तर क्षेत्र ६ जे झाल्यावरच तो उलटतो आणि आलेख एकदम टोकाला जातो. काकांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, “ह्या तर सड्यासारख्या दिसता.” सडा म्हणजे आमच्याकडचं डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळी पठार. तेव्हापासून माझ्या फाइलींची नावं सडा-१, सडा-२ अशीच आहेत. तापमान (तेही ‘जे’च्याच मापात) ०.२ जे असेल तर सड्याच्या कडा तासल्यासारख्या, २ जे ला नेलं की सडा जवळपास पुसला जातो. आणि जाळीची बाजू तीनने भागली गेली पाहिजे. २० बाय २० मध्ये ४०० स्पिन, त्यांचे तीन सारखे वाटे होतच नाहीत. २१ बाय २१ घ्या.

खरी मजा उलट्या वाटेने. क्षेत्र भरपूर ठेवून हळूहळू उतरवलं तर आलेख सड्यावर लगेच बसत नाही, वरच लटकतो. ६ जे च्या खाली आलो की स्पिन जागोजाग खाली वळतात, पण कुणी कुठे वळायचं हे आपसात ठरलेलं नसतं. मग तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि एकेक स्पिन उलटून ते जुळवायला थंडीत फार वेळ लागतो.

हे लटकणं पदार्थाचं की माझ्या कोडचं? मला वाटतं, या विषयात हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळ खातो. डिस्प्रोशियम टायटनेट हा चुंबकीय स्फटिक घ्या. त्यातले स्पिन चतुष्फलकांच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या ठोकळ्यांच्या) कोपऱ्यांवर बसतात, दोन आत आणि दोन बाहेर रोखलेले हा नियम. एक उलटला की शेजारचे दोन चतुष्फलक एकदम बिघडतात. ०.६ केल्विनच्या आसपास प्रत्यक्ष स्फटिकही गोठतो: क्षेत्रात थंड केलेल्याचं आणि क्षेत्राविना थंड केलेल्याचं चुंबकन वेगवेगळं निघतं. सिम्युलेशनमध्ये अख्खी वळी (स्पिनांची बंद साखळी) एकदम उलटवणारी चाल घातली की अडकणं संपतं, समतोलाचा सुबक आलेख मिळतो. पण स्फटिकाला ती चाल येत नाही, तो एकेकच उलटवतो. म्हणून प्रयोगाशी ताडून बघायचं असेल तर मी एकेक उलटवणारा, हट्टी कोडच वापरतो. एन्ट्रॉपी मोजायची असेल तेव्हा वळी. दोन्ही आलेख एकाच चौकटीत टाकून कुठला कशाचा ते न सांगणारे पेपर वाचले की माझं डोकं फिरतं.

काकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: “मगे त्येचो उपयोग काय?” मी म्हटलं, सध्या तरी काही नाही. त्यांना ते लगेच पटलं.

डिस्प्रोशियमचं काम मात्र या लॅपटॉपवर नको. तिथे लांबलांबच्या स्पिनांमधली द्विध्रुवी (एका चुंबकाची दुसऱ्यावरची) ओढही मोजावी लागते, नुसत्या शेजाऱ्यांवर भागत नाही. ते चतुर्थी झाली की पुण्याच्या मशीनवर.