पाठीवरची नावे

इंग्लंडमधले बाथ आणि स्टोनहेंज आम्ही दोन दिवसांत उरकले. त्यांविषयी सांगण्यासारखे काही आठवत नाही. आठवतो तो फेब्रुवारी २०१७ मधला ब्रिस्टलचा पाऊस आणि स्थानकापासून चालतच जायचे या माझ्या हट्टापायी चिंब भिजलेली नणंदेची मुलगी.

स्पाइक आयलंड हे कलादालन पूर्वी ब्रुक बाँडचा चहा पुड्यांत भरण्याचा कारखाना होते. तिथे चित्रकार लुबैना हिमिद यांची, प्लायवूड कापून रंगवलेली, माणसाएवढी शंभर माणसे उभी होती: ढोल वाजवणारे, नकाशे काढणारे, जोडे शिवणारे, कुत्री शिकवणारे. युरोपातल्या दरबारांत गुलाम म्हणून राबलेल्या आफ्रिकनांची ही २००४ मधली मांडणी. हिमिद यांचा जन्म १९५४ चा, झांझिबारमधला. त्या चार महिन्यांच्या असताना वडील वारले आणि इंग्रज आई त्यांना लंडनला घेऊन आली. पुढे त्या नेपथ्य शिकल्या, आणि ती गर्दी रंगमंचावरच उभी असल्यासारखी दिसत होती.

रंग पाहून मी निघणारच होते. तेवढ्यात एक बाई आकृतीच्या मागे वाकून काही वाचताना दिसली, म्हणून मीही मागे गेले. प्रत्येकाच्या पाठीवर हिशेबाचा कागद होता आणि त्यावर त्याचे खरे नाव, मालकाने दिलेले नाव, आधीचे काम, आताचे काम आणि शेवटी उरलेला एखादा दिलासा, एवढेच लिहिले होते. मी एकेक पाठ वाचत तासभर फिरले. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले, तेव्हा मी हसत होते. गुलामगिरीशी त्याची तुलना करणे अनुचित आहे, हे मला कळते. पण ते ताट डोळ्यांपुढून हलेना.

"मामी, तुझं आधीचं नाव काय गं?" मुलीने विचारले. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती.

परतीच्या गाडीत जागा नव्हती. शौचालयाशेजारच्या बोळात उभ्याउभ्या तिने फोनवर वाचून दाखवले, की १९८५ मध्ये हिमिद यांनी लंडनच्या आयसीए या समकालीन कलेच्या संस्थेत अकरा कृष्णवर्णीय आणि आशियाई स्त्री-कलावंतांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्यांच्या वाट्याला मुख्य दालन नव्हे, जाण्यायेण्याचा बोळ आला होता. २०१७ च्याच डिसेंबरात हिमिद यांना टर्नर हे ब्रिटनमधले मानाचे कला-पारितोषिक मिळाले, वयाच्या ६३ व्या वर्षी. पन्नाशीच्या आतल्यांनाच ते देण्याची अट त्याच वर्षी काढली होती.