शाळेजवळची बोरिंग

मे महिना, पांढरकवड्याकडचं गाव, पारा पंचेचाळिशीला टेकलेला. जीपमध्ये फ्लोराइड मोजायच्या चिप्सची पेटी होती.

ही चिप म्हणजे अ‍ॅक्रिलिकचे तीन थर. वर-खाली पारदर्शक, मधला काळा, त्यात अरुंद नाली कोरलेली. हे थर आम्ही लेसरने वेल्ड करतो. इन्फ्रारेड किरण पारदर्शक थरातून आरपार जातो, काळ्यातला कार्बन तो शोषतो आणि दोन्ही थर जिथे टेकलेत तिथलंच प्लास्टिक वितळून एकजीव होतं. वरून जाड काच दाबून धरायची. मध्ये धुळीचा कण आला की फट राहते, उष्णता पलीकडे पोहोचत नाही, काळा थर जागीच करपतो. जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचे तंतू असतात, तेव्हा तर दारं-खिडक्या बंद करूनच काम. चांगला सांधा भिंगाखाली सलग गडद दिसतो, फट चंदेरी चमकते. गोंदाच्या जुन्या चिप्स असल्या उन्हात मऊ पडायच्या आणि गोंद नालीत उतरायचा. म्हणून हा सगळा खटाटोप.

शाळेजवळच्या बोरिंगचं पाणी नालीत सोडलं. झिर्कोनियमचं लाल रसायन त्यात मिसळलं की फ्लोराइड झिर्कोनियम ओढून घेतं आणि लाली उतरते. इथे ती झर्रकन उतरली. आकडा लिटरला 2 मिलिग्रॅमच्या वर. पिण्याच्या पाण्याची मर्यादा 1, दुसरी सोयच नसेल तर 1.5.

"पानी तं गोड लागते बाप्पा," एक आजी म्हणाल्या, "मंग पोट्ट्याईचे दात असे काऊन?"

जास्त फ्लोराइडने पोरांचे दात डागाळतात, त्याला चव नसते, आणि पाणी उकळलं तर त्याचं प्रमाण वाढतंच, हे त्यांना सांगितलं. पण गर्दीतून कुणीतरी म्हणालं, मशीन उन्हानं बिघडली असंन. शंका रास्तच होती. सगळ्यांसमोर सांधा भिंगाखाली धरला, सरपंचांनाही पाहायला दिला. चंदेरी ठिपका कुठेच नव्हता. नव्या चिपमध्ये 1 मिलिग्रॅमचं प्रमाणित द्रावण घातलं, आकडा 1 चाच आला. बोरिंगचं पाणी पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. जुन्या विहिरीचं मात्र मर्यादेच्या आत निघालं.

पिण्याचं पाणी विहिरीवरूनच भरायचं, अशी दवंडी सरपंचांनी त्याच संध्याकाळी दिली. नमुना प्लास्टिकच्या बाटलीतून प्रयोगशाळेत गेला. तिथल्या फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचा आकडा आमच्याशी जुळला, तेव्हा हे पाणी पिऊ नये म्हणून बोरिंगला लाल रंग लागला. अंगणवाडीताईंनी मला आसपासच्या पोडांवरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरच्या, बोरिंगची यादी दिली आहे. त्यासाठीच्या चिप्स सध्या काचेखाली आहेत.