पेनांगमध्ये खायचं तर गाडीवाल्यांच्या वेळेनं

मलेशियातल्या पेनांगला खाण्यासाठी जायचं ठरवलंत, तर हॉटेल, समुद्रकिनारा, देवळं हे सगळं नंतर बघा. आधी खाण्याची कुठली गाडी किती वाजता लागते आणि कुठल्या वारी बंद असते ते लिहून काढा. इथल्या बहुतेक गाड्यांवर एकच पदार्थ मिळतो, तोही ठरावीक वेळेत, आणि संपला की संपला. सकाळच्या गाड्या दुपारी आवरलेल्या असतात आणि जी गल्ली दिवसा सुनसान दिसते, तिथे दिवेलागणीनंतर बसायला जागा मिळत नाही. शिवाय प्रत्येकाचा सुट्टीचा वार वेगळा. चिनी नववर्षाच्या सुमारास तर अनेक गाड्या कित्येक दिवस लागतच नाहीत, तेव्हा ते दिवस टाळा.

मलेशियाच्या वायव्य किनाऱ्यावरचं हे बेट. जॉर्जटाऊन हे त्याचं मुख्य शहर २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइटनं ईस्ट इंडिया कंपनीसाठी हे बंदर वसवलं आणि मग फुजियान आणि तिओचिऊ भागातले चिनी, तमिळ मुसलमान, शेजारपाजारचे मलय असे सगळे इथे कामाला आले. हमाल, खलाशी, फेरीवाले. त्यांना स्वस्त, पोटभरीचं आणि पटकन हातात पडणारं जेवण लागायचं. आज आपण ज्यासाठी रांगा लावतो, ते मुळात या कष्टकऱ्यांचं जेवण आहे, आणि अजूनही शेजारच्या टेबलावर बँकेतला साहेब आणि मालाचा टेम्पो चालवणारा एकाच प्रकारच्या प्लास्टिकच्या ताटलीत खात असतात. मला पेनांग आवडलं ते सर्वांत आधी यासाठी.

मी मालवणी, त्यामुळे असाम लाक्सासाठी, म्हणजे माशाच्या आंबट रश्शातल्या शेवयांसाठी, जीव आधीपासूनच आतुर होता. त्याचा रस्सा कंबुंग नावाच्या माशाचा असतो, म्हणजे आपला बांगडाच. आंबटपणा चिंचेचा आणि ‘असाम केपिंग’चा. असाम केपिंग म्हणजे आपल्या कोकमाच्या कुळातल्याच एका फळाच्या सुकवलेल्या चकत्या. बांगडा उकडून, काटे काढून, कुस्करून रश्शात सोडतात, म्हणून तो दाट आणि किंचित रवाळ लागतो. गाडीवरची बाई वाडग्यात शिरवाळ्यांसारख्या जाड पांढऱ्या शेवया घालते, त्यावर उकळता रस्सा ओतते आणि चाळणी धरून तो पुन्हा पातेल्यात परत ओतते. पुन्हा रस्सा, पुन्हा परत. शेवया आतपर्यंत गरम झाल्या की मग शेवटचा रस्सा. वर काकडी, अननस, कांदा, पुदिना, मिरची आणि बुंगा कंतान, म्हणजे आल्याच्या जातीतल्या एका झाडाची गुलाबी कळी बारीक चिरून. तिचा वास नाकात शिरला की तो पदार्थ आपल्या ओळखीच्या आमटीपासून पार वेगळ्या वाटेनं निघून जातो. सोबत चमच्यात आंबवलेल्या कोळंबीचा काळा दाट पाक देतात. तो सगळा एकदम ढवळू नका, आधी रस्सा तसाच चाखा आणि मग थोडा थोडा मिसळा. लाक्सासाठी एअर ईताम या उपनगरात जा. जॉर्जटाऊनमधल्या कोमतार या उंच इमारतीजवळच्या बसथांब्यावरून २०४ नंबरची बस जाते, केक लोक सी हे मोठं बौद्ध मंदिर तिथेच आहे आणि डोंगरावर जाणारी रेल्वेही त्याच बसच्या वाटेवर आहे. सकाळी डोंगर, दुपारी लाक्सा असा बेत उत्तम जमतो. बेटाच्या पलीकडच्या बाजूला बालिक पुलाऊला नारळाच्या दुधातला लाक्साही मिळतो, पण माझं मत विचाराल तर आंबट तोच खरा.

चार क्वे तियाव बघायलासुद्धा जवळ उभं राहावं. तांदळाच्या रुंद पट्ट्या, कोळंबी, शिंपल्यांचं मांस, अंडं, मुगाचे लांब मोड आणि चिनी पात, सगळं भडक्या आचेवर दोन-तीन मिनिटांत परततात. चांगला गाडीवाला एका वेळी एकच ताटली करतो. दहा ताटल्यांचा माल एकदम कढईत टाकला की त्याला पाणी सुटतं, परतल्याचा धुरकट वास येतच नाही. म्हणून रांग हळू सरकते, आणि ती हळू सरकते आहे हीच खूण समजा. सियाम रोडवर अजून कोळशावर करतात, तिथे तासभर उभं राहायची तयारी ठेवा. बदकाचं अंडं घालणार का असं विचारतात. थोडे पैसे जास्त पडतात, पण हो म्हणा. मात्र चिनी गाड्यांवर यात बहुतेक वेळा डुकराची चरबी असते. ती चालत नसेल तर मुस्लिम गाड्यांवर हलाल चार क्वे तियाव मिळतो.

नासी कंदार हे तमिळ मुसलमानांचं भात-कालवण. पूर्वी फेरीवाले खांद्यावरच्या काठीला दोन टोपल्या लावून, एकीत भात आणि दुसरीत कालवण घेऊन हिंडत, ती काठी म्हणजे कंदार. कॅम्पबेल स्ट्रीटवरचं हमीदिया १९०७ पासून चालू आहे. तिथे बोट दाखवून मागायचं आणि शेवटी ‘बंजिर’ म्हणायचं, म्हणजे पूर. मग वाढपी तीन-चार पातेल्यांतले रस्से भातावर एकमेकांत मिसळून ओततो, आणि खरी चव त्या मिसळण्यातच आहे. मोठी कोळंबी किंवा माशाचं डोकं घ्यायचं असेल तर भाव आधी विचारा, कारण हिशोब ताट भरल्यावर होतो. गोमांस टाळायचं असेल तर ‘दागिंग’ आणि ‘लेम्बू’ हे शब्द लक्षात ठेवा. ‘आयाम’ कोंबडी, ‘इकान’ मासा, ‘बाबी’ डुक्कर.

नवरा शाकाहारी, आणि त्याचीही आबाळ झाली नाही. लिटल इंडियात केळीच्या पानावरचं जेवण आणि डोसे आहेतच, पण चिनी बौद्धांची शाकाहारी दुकानं त्याहून जास्त मजेची वाटली. पाटीवर 素 ही खूण शोधा. साध्या हॉटेलात मात्र नुसती पालेभाजी मागून भागत नाही, कारण फोडणीत बेलाचान, म्हणजे सुक्या कोलिमाचा गोळा, असू शकतो. ‘बेलाचान नको’ हे स्पष्ट सांगा. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत, साधारण ऑक्टोबरात, नऊ सम्राटदेवांचा उत्सव असतो. तेव्हा पिवळे झेंडे लावलेल्या गाड्यांवर शुद्ध शाकाहारी पदार्थ मिळतात. पावसाचे दिवस असले तरी शाकाहारी माणसानं हाच मुहूर्त धरावा. एरवी डिसेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते.

गोडात चेंडोल: बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, पानदान नावाच्या सुवासिक पानांच्या रंगावासाच्या हिरव्या शेवया, राजमा आणि ताडामाडाच्या गुळाचा पाक. केंग क्वी स्ट्रीटवर १९३६ पासूनची गाडी आहे, उभ्यानं खायचं आणि पुढे निघायचं.

बसायची रीतही कळायला हवी. कोपीतियाम म्हणजे चहा-कॉफीचं जुनं दुकान. मालक पेयं विकतो आणि आतल्या गाड्या वेगवेगळ्या लोकांच्या असतात. म्हणून आधी टेबल पकडा, त्याचा नंबर बघून ठेवा, गाडीवर जाऊन पदार्थ आणि टेबल नंबर सांगा, आणि ताटली आली की तेव्हाच पैसे द्या. मालकाकडून काहीतरी प्यायला घ्यायलाच हवं, त्याची बरीच कमाई त्यावरच. एका ताटलीला साधारण ६ ते १२ रिंगिट पडतात, रिंगिट म्हणजे वीसपेक्षा थोडे जास्त रुपये. ताटल्या लहान असतात, म्हणून दोघांत एक घ्या आणि पुढच्या गाडीसाठी पोटात जागा ठेवा. संध्याकाळी लोरोंग बारू आणि किंबर्ली स्ट्रीट आम्हाला गर्नी ड्राइव्हपेक्षा आवडले. गर्नीला पर्याय खूप आहेत, पण तिथे पर्यटकांची गर्दीही तेवढीच.

जाण्याचं म्हणाल तर भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही सवलत २०२६ अखेरपर्यंत जाहीर झाली आहे. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहा. क्वालालंपूरहून आम्ही बेटासमोरच्या किनाऱ्यावरच्या बटरवर्थपर्यंत रेल्वेनं गेलो, सव्वाचार तासांच्या आसपास लागले. स्टेशनला लागूनच धक्का आहे, तिथून बोटीनं जॉर्जटाऊन. शहरात रॅपिड पेनांगच्या बसला सुटे पैसे जवळ ठेवा, चालक परत देत नाही. गाडीवाल्यांकडेही छोट्या नोटाच बऱ्या.

आणायचंच तर मुगाच्या सारणाची ताऊ सार पिया ही बिस्किटं आणा. शाकाहारी असाल तर त्यात चरबी आहे का ते विचारून घ्या. लाक्साचा कोळंबीचा पाकही बरणीत मिळतो. ती बरणी दोन पिशव्यांत बांधून चेक-इनच्या बॅगेतच टाका.