पाणी चढतं, दोरखंड ताणतो

"मामा, पाणी नको बघूस, दोरखंड बघ."

काल संध्याकाळी दांडिया बाजारात ताईकडे चहा घेताना भाची मोबाईलवर पनामा कालव्याचा व्हिडिओ दाखवत होती. ती इथे बडोद्यात कलाभवनात, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजात, सिव्हिल शिकते. मी आपला चढणाऱ्या पाण्याकडे बघत होतो. समुद्रापासून गटून तलावापर्यंत जहाज २६ मीटर वर जातं आणि त्यासाठी पंप लागत नाही, वरचं पाणी उतारानेच खाली येतं. १९१४ पासून हे असंच चालू आहे!

पण तिचं लक्ष दोरखंडावर. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला मोठा हौद. त्यात जहाज दोरखंडांनी धरून ठेवतात आणि पाणी भरून वर उचलतात. लॉकच्या एका टोकाने पाणी जोरात सोडलं की पृष्ठभाग किंचित कलतो. ३०० मीटर लांबीत फक्त १० सेंटिमीटर. डोळ्यांना दिसायचंही नाही. पण जहाज ५०,००० टनांचं असेल तर त्या उतारावर ते साधारण १७ टनांच्या जोराने घसरू पाहतं. मग लाट पलीकडच्या भिंतीवर आपटून परत येते आणि ओढ उलट्या दिशेने लागते. दोरखंड तुटला तर जवळच्या माणसाची खैर नाही. म्हणूनच झडपा हळूहळू उघडतात आणि पाणी तळाच्या छिद्रांतून सगळीकडे सारखं सोडतात.

"लवकर भरणं सोपं असतं रे, जहाज न हलवता भरणं कठीण," ती म्हणाली. रात्रभर तेच डोक्यात होतं. वेळ वाचवायचा हिशोब सगळेच करतात. दोरखंडाशी उभ्या असलेल्या माणसाचा हिशोब या लोकांनी आधी केला, याचं मला फार अप्रूप वाटलं.

गंगेवर फरक्क्याला असं लॉक आहे. तिथे काम केलेलं कुणी ओळखीचं आहे का? भाचीला खूप काही विचारायचंय.