आजीचं मुसळ

आजी गेली त्याला या वैशाखात दोन वर्षं झाली. दाखल्यासाठी वय सांगायची वेळ आली तेव्हा बाबा आणि काका पडवीत बसून हिशोब घालत होते. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. पत्रीसरकारच्या धामधुमीत लग्न झालं, तेव्हा चौदा-पंधराची असेल, एवढाच धागा हाताशी. त्यावरून पंच्याण्णव धरलं.

त्या लग्नाचा तिला फार अभिमान. १९४३ पासून सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं पत्रीसरकार होतं आणि गावोगावी गांधी लग्नं लागत होती. हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्री नाही. "दोन हारात उरकलं माझं," असं ती सांगायची, आणि सांगताना ताठ बसायची. पुढे आमच्या घरातल्या एकाही लग्नात देण्याघेण्याची बोलणी झाली नाहीत. तिच्यासमोर तो विषय काढायची कुणाची छातीच नव्हती.

आमचं गाव पाटण तालुक्यात, मोरणा खोऱ्यात. आजोबा लालबागला गिरणीत. वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. बाकी भाताची लावणी, नाचणी, गुरं, सासू आणि तीन पोरं, सगळं आजीवर.

११ डिसेंबर १९६७. सोमवार उजाडायचा होता. आजी नेहमीसारखी पहाटेच उठून जात्यावर बसली होती. खुंटा हातात असतानाच जातं खालून थरथरलं. तिला वाटलं, आपल्यालाच भोवळ आली. मग कोपऱ्यातली उतरंड कोसळली, कौलं गळायला लागली. घड्याळ घरात नव्हतं. चार वाजून एकवीस मिनिटं ही वेळ तिला मागाहून कळली. पोरांना ओढत ती दाराशी आली तर कडी निघेना. चौकटच तिरपी झाली होती. तिने उखळाजवळचं मुसळ उचललं आणि कडीवर घातलं. किती घाव घातले ते तिला आठवत नव्हतं. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. ते सांगतात, आई एक शब्द बोलत नव्हती, फक्त मुसळाचा आवाज येत होता.

पोरं निघाली, सासू निघाली. गोठ्याची भिंत पडून बैलजोडी गेली. कोयनानगरकडे तर घरंच्या घरं झोपली होती, दीडशेहून जास्त माणसं गेली. कोयनेची वीज बंद पडून मुंबई अंधारात गेली, तेव्हा आजोबांना तिकडे कळलं. ते पोचेपर्यंत आजीने अंगणात चार मेढी रोवून वर पेंढा टाकला होता आणि चूल पेटवली होती.

त्यानंतर तिने उतरंड कधी तीन मडक्यांवर चढू दिली नाही. आणि रात्री दाराला कडी लावू दिली नाही. धक्के तर पुढे कित्येक वर्षं बसतच राहिले. बाबांच्या कराडच्या फ्लॅटमध्ये आली तरी तेच. बाबा चोरांची भीती घालायचे. ती वाकळ उचलून दाराशी आणून टाकायची आणि तिथेच झोपायची.

१९८२ च्या संपात आजोबा पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीतून उतरले ते कायमचेच. मान वर करत नव्हते. आजीने ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "चार माणसांत पाचवं. हितं कोण उपाशी न्हाय." त्यांच्याबद्दल पडेल शब्द आम्ही तिच्या तोंडून ऐकला नाही, ते गेल्यावरही नाही.

तिच्या शेवटच्या माघात माझ्या चुलतबहिणीचं लग्न गावीच झालं. घाणा भरायला तेच मुसळ काढलं. खैराचं, टोकापाशी बोटभर खाच पडलेलं. दुसऱ्या मुसळाला बांधून त्याला आंब्याचा टहाळा लावला. मान सवाष्णींचा, म्हणून आजी लांब भिंतीला टेकून बसली होती. बहीण उठली, तिचा हात धरून तिला पाटावर आणलं आणि म्हणाली, "पहिला घाव तुझा." बायका गप्प झाल्या. मग माझ्या आत्यानेच ओवी सुरू केली.

आजीला मुसळ उचलवेना. आम्ही दोघींनी खालून आधार दिला. हळकुंडावर ते टेकलं तेव्हा तिचा अंगठा त्या खाचेवर होता. खाच ती चाचपत राहिली. मग आम्हा सगळ्यांवरून तिची नजर उंबऱ्याकडे गेली.

"दार उघडं हाय न्हवं?"

"उघडं आहे आजी," बहीण म्हणाली.