उजवा कौल, डावा कौल आणि फिरतं चक्र

गाडी वर सड्यावर, घर खाली व्हाळाच्या कडेला. कोकणातल्या कितीतरी वाड्यांची ही ठेवण. रस्ता संपतो तिथे गडग्याला लागून गाडी उभी करायची, सामान उचलायचं आणि पाखाडी उतरायची. साठ-सत्तर पायऱ्या उतरून, पाय धुऊन ओटीवर टेकलं की मग आठवतं: गाडी लॉक केली का? पूर्वी याला एकच उत्तर होतं, परत चढा. आता खिशात गाडीच्या कंपनीचं ॲप आहे. ते उघडावं, कुलपाच्या चित्रावर बोट ठेवावं, की पडद्यावर चक्र फिरायला लागतं. देवळात कौल लावल्यावर गुरवामागे उभं राहून कळी कधी पडते याची वाट बघावी, तसा माणसाचा चेहरा होतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. ॲपची पंचाईत अशी की कळी कधीकधी पडतच नाही.

गाडी सत्तर पायऱ्यांवर असली तरी गाऱ्हाणं थेट तिच्याकडे जात नाही. फोनवरून ते आधी कंपनीच्या सर्व्हरकडे जातं, कुठल्यातरी लांबच्या शहरात. सर्व्हर पिन तपासतो, गाडी तुमच्या नावावर आहे ना ते बघतो आणि मोबाइल नेटवर्कवरून गाडीतल्या टेलिमॅटिक्स युनिटला हाक मारतो. हे युनिट म्हणजे डॅशबोर्डच्या आत कुठेतरी बसवलेली डबी, तिला स्वतःचं ई-सिम आणि जीपीएसचा अँटेना. डबी जागी झाली की गाडीच्या अंतर्गत वायरिंगवरून दारांच्या कंट्रोल युनिटला निरोप देते, दारातली छोटी मोटर ‘खट्’ करते आणि ‘झालं’ हा निरोप त्याच वाटेने उलटा येतो. सगळं जुळलं तर पाच-दहा सेकंदांत. यातला एक टप्पा अडला की चक्र.

यात रेंज दोन ठिकाणी लागते आणि दोन्हीकडे वेगवेगळी. फोनला कुठलंही इंटरनेट चालतं, घरातलं वायफायसुद्धा. गाडीला मात्र तिच्या ई-सिमच्या कंपनीचाच टॉवर लागतो. ते सिम गाडीच्या कारखान्यात बसलेलं असतं, आपल्याला बदलता येत नाही. गावात टॉवर एका कंपनीचा आणि गाडीत सिम दुसऱ्या कंपनीचं असेल, तर ॲप कितीही वेळा अपडेट करा, उपयोग शून्य. म्हणून गाडी घेतानाच शोरूममध्ये विचारावं: सिम कुणाचं? त्या कंपनीचं सिम असलेला कुणाचाही फोन घेऊन गाडी उभी राहणार त्या जागेवर दोन मिनिटं थांबावं. रंग, सनरूफ, अलॉय व्हील सगळं विचारून होतं, हे तेवढं राहतं. सड्यावरच्या गाडीला भरपूर रेंज आणि दरीतल्या फोनला काही नाही, हा प्रकार तर नेहमीचाच. अशा वेळी बिचाऱ्या गाडीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. घरात वायफाय असेल तर मोबाइल डेटा बंद करून फक्त त्यावर ॲप चालवून बघावं. नसेल तर आंगणाच्या कोपऱ्यात जो रेंजचा दगड असतो, त्यावर उभं राहावं.

सगळ्यात फसवी गोष्ट वेगळीच. हुकूम गाडीपर्यंत पोचतो, तिथे काम होतं, पण परतीचा निरोप हरवतो. ॲप म्हणतं, ‘विनंती पूर्ण होऊ शकली नाही.’ माणूस पुन्हा दाबतो. कुलपाच्या बाबतीत फार बिघडत नाही. इंजिन दुरून चालू करायची सोय असेल तर मात्र ॲप ‘नाही झालं’ म्हणतं आणि वर आंब्याखाली गाडी एसी लावून घरघरत उभी असते. बऱ्याच गाड्यांत साधारण दहा मिनिटांनी इंजिन आपोआप बंद होतं म्हणून निभावतं. पण गाडी बंद शेडमध्ये किंवा घराला चिकटलेल्या पडवीत लावत असाल तर ही सोय वापरूच नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

ॲप खोटं बोलतं, असा लोकांचा राग असतो. तसं ते बोलत नाही, शिळं बोलतं. पडद्यावर ‘दारं बंद’ असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ते गाडीने शेवटचा निरोप पाठवला त्या क्षणाचं. खाली बारीक अक्षरांत वेळ दिलेली असते: ‘शेवटचं अपडेट’. ती ओळ वाचायची सवय लागली की अर्धा मनस्ताप कमी होतो. टायरच्या हवेचंही तसंच. चाकातले सेन्सर बहुतेक गाड्यांत चाक फिरत असतानाच आकडा पाठवतात, त्यामुळे सकाळी ओटीवर बसून दिसणारे 35 पीएसआय हे काल घाट चढून आलेल्या तापलेल्या टायरचे असतात. थंड टायरला तोच आकडा दोन-तीनने कमी भरतो, आणि गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर जो आकडा छापलेला असतो तो थंड टायरचा. आणखी किती किलोमीटर इंधन पुरेल, हा आकडाही आधीच्या चालण्यावरून काढलेला. आंबा घाट उतरून साखरप्याला आलं की टाकीत थेंब न भरता तो वाढलेला दिसतो. त्याच्यावर विसंबून पंप सोडू नये.

मुंबईचा मुलगा गावच्या गाडीचं ॲप बघून फोन करतो, “बाबा, गाडी लॉक नाही दाखवत.” बाबा वर जाऊन आलेले असतात. “वडून बगलंय रे, बंद आसा.” या दोघांत ताजी बातमी कुणाकडे आहे हे सांगायला नको.

आणि हाच मुलगा दिवसातून वीस वेळा ॲप उघडून गाडीचं बरंवाईट विचारत असतो, त्याचा हिशेब गाडीची बॅटरी भरते. उभी गाडी झोपते. झोपेतही ती थोडा करंट घेते, साधारण 20 ते 50 मिलिअँपिअर. 40 धरले तर दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-अवर. बॅटरी 45 अँपिअर-अवरची असेल तर वीस दिवसांत निम्म्याच्या आसपास खलास, तेही बॅटरी नवी आणि पूर्ण भरलेली असेल तर. ॲपमधून ‘रिफ्रेश’ केलं की झोपलेली डबी जागी होते, तिच्याबरोबर आणखी दोन-चार युनिटं डोळे उघडतात आणि खर्च वाढतो. म्हणून काही दिवस गाडी हलली नाही की डबी गाढ झोपी जाते, दुरून मारलेली हाक तिला ऐकूच जात नाही. लोक याला बिघाड समजतात. बॅटरी वाचवण्यासाठी ती अशीच बनवलेली असते.

मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी लावून बघावा. 12.6 व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं, 12.4 ठीक, 12.2 म्हणजे आज चांगला तासभर चालवा, 12 च्या खाली म्हणजे शेजाऱ्याकडे जंपर केबल आहे का विचारून ठेवा. व्होल्टेज उतरलं की गाडी सगळ्यात आधी दुरून चालू व्हायचं नाकारते, आणि कारण नेहमी सांगतेच असं नाही. खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते ती वेगळीच. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने ती काढावी, कोरडं करावं आणि वरून पेट्रोलियम जेली चोपडावी. ॲपवरची कितीतरी गाऱ्हाणी या पुडीपाशी येऊन थांबतात.

खाडीची गंमत निराळी. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जाताना गाडी चढवायची, इंजिन बंद, हँडब्रेक, आणि कठड्यापाशी उभं राहून वारा घ्यायचा. बोट हलली की जीपीएसला दिसतं: चावी बंद आहे आणि गाडी चालली आहे. ज्या ॲपमध्ये गाडी ओढून नेल्याचा इशारा असतो ते भर खाडीत बोंब मारतं, ‘तुमची गाडी हलवली जात आहे!’ आगरदांडा-दिघी असो की जयगड-तवसाळ, प्रकार तोच. जिओफेन्स, म्हणजे गाडी आखलेल्या हद्दीबाहेर गेली की इशारा देणारी सोय, तीही अशीच फजिती करते. ॲप नकाशावर हद्दीचं वर्तुळ काढतं ते सरळ रेषेतलं अंतर धरून. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर असतो, म्हणून तोही वर्तुळात येतो. मग पोरगा गाडी घेऊन पल्याड गेला तरी ॲप शांत. वर्तुळ लहान केलं तर आपल्याच वाडीच्या टोकाला गेलं तरी इशारा. खाडीकाठी या सोयीचा नाद सोडलेला बरा. बोटीवरच्या इशाऱ्याला मात्र तात्पुरतं बंद करायचं बटण असतं, ते धक्क्यावर रांगेत असतानाच दाबावं, कारण पाण्यावर रेंज असेलच असं नाही.

पावसात लाइट गेली की टॉवर काही तास बॅटरीवर तग धरतो, जनरेटरला डिझेल नाही पोचलं तर तोही मान टाकतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर किनाऱ्यावरच्या गावांत वीज आणि रेंज परत यायला किती दिवस लागले हे श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या माणसांना विचारावं. तेव्हा गाडीचं ॲप कुणाच्या मनातही नव्हतं. पण एक गोष्ट पुराच्या दिवसांत खरोखर लक्षात ठेवण्यासारखी आहे. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा शहरात गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीत डबी वर कोरडी राहिली तर ॲप सुखाने ‘कनेक्टेड’ दाखवू शकतं. बघू चालू होते का, म्हणून दुरून स्टार्ट दाबायचं नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी ओसरल्यावर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्यायची.

एरवी चक्र फिरतच राहिलं तर एकामागून एक दहा वेळा दाबू नये. पहिला हुकूम सर्व्हरवर अडकलेला असताना पुढचे नाकारले जातात. दोन-तीन मिनिटं थांबावं, फोन दहा सेकंद एअरप्लेन मोडवर टाकून परत आणावा. मग ॲप ‘फोर्स स्टॉप’ करून कॅशे साफ करावी. कॅशेच, ‘डेटा’ नाही. डेटा पुसला की पुन्हा लॉगिन, लॉगिनला ओटीपी, आणि ओटीपी यायला रेंज, म्हणजे पुन्हा त्या दगडावर. इशारे वेळेवर येत नसतील तर दोष बहुधा फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या हावेचा असतो. सेटिंग्जमध्ये त्या ॲपला बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करून द्यावी. एवढं करून जमलं नाही तर गाडी उघड्या सड्यावर नेऊन पंधरा मिनिटं चालवावी, डबीला टॉवर नव्याने सापडतो. शेवटचा उपाय स्क्रीन रीसेट करण्याचा. बऱ्याच गाड्यांत स्क्रीनपाशी टाचणी जाईल असं भोक असतं किंवा पॉवर बटण दाबून धरावं लागतं. नक्की काय ते गाडीच्या पुस्तकात असतं, आणि ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत जसंच्या तसं असतं.

पैशाची बाजू थोडक्यात. ही सेवा पहिली काही वर्षं फुकट, मग वर्गणी. वर्गणी संपली की ॲप गुपचूप मुकं होतं आणि माणूस रेंजला शिव्या देत बसतो. नेटवर्कची पिढीही म्हातारी होते. अमेरिकेत 2022 साली मोठ्या कंपन्यांनी 3जी बंद केलं, तेव्हा धडधाकट चालणाऱ्या कितीतरी गाड्यांची ही सेवा कायमची गेली. आपल्याकडे 2019 साली ह्युंदाईची व्हेन्यू आणि एमजीची हेक्टर या सोयीसह आल्या. तेव्हाच्या गाड्या आता जुन्या बाजारात फिरतात, आणि तिथे एक मोठी चूक होते. आरसी नावावर होते, ॲप होत नाही. आधीच्या मालकाच्या फोनमध्ये तुमची गाडी कुठे आहे ते दिसत राहतं, दारही उघडता येतं. व्यवहाराच्या दिवशीच त्याच्याकडून ॲपमधली गाडी काढून घ्यावी आणि स्वतः नव्याने नोंदणी करावी.

राहता राहिली चावी. रिमोटमध्ये 3 व्होल्टचा बटणसेल असतो, बहुधा सीआर2032, वर्ष-दोन वर्षांत बदलावा. तो मेला तरी बटणस्टार्टच्या बऱ्याच गाड्या रिमोटच स्टार्ट बटणाला टेकवून दाबला की चालू होतात. दार उघडायला रिमोटच्या पोटात लोखंडी पातं असतं, एक खटका सरकवला की बाहेर येतं. त्याचं भोक ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलपाशी, काही गाड्यांत प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. वर्षानुवर्षं कुणी तिकडे बघत नाही आणि खाऱ्या हवेने आतला सिलिंडर आवळून बसतो. पावसाळ्याआधी एकदा आणि चतुर्थीला पाहुणे यायच्या आधी एकदा, ग्रॅफाइटची चिमूटभर पूड टाकून पातं दोन्ही बाजूंना फिरवून बघावं. तेल घालू नये, त्यावर जांभ्याची लाल धूळ बसते.